तिसऱ्यांदा नको

आमच्या घरात पहिल्या ‘नको’ला कोणी विचारत नाही. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी आई अर्धी पोळी वाढतेच. दुसऱ्या ‘नको’ला “एवढीशी तर आहे” म्हणते. तिसऱ्यांदा पाहुणा काकुळतीला आला की मग कुठे “बरं, नको तर नको” म्हणून डबा मागे घेते.

पीएचडीसाठी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात इन्स्टिट्यूटमध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक फिरत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ट्रे माझ्यासमोर आला, मी सवयीने नको म्हटलं, आणि ट्रे पुढे गेला. परत आलाच नाही. चॉकलेटचा होता. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की या देशात कोणी विचारलं तर पहिल्या फटक्यात हो म्हणायचं.

हे शहाणपण मला चौथ्या वर्षी नडलं. एप्रिलमध्ये प्रोफेसर हातात यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले. उन्हाळी सेमिस्टरमध्ये इथे इन्स्टिट्यूट्सची आपापसात फुटबॉल लीग असते. सात जणांचा संघ, आणि त्यात दोन बायका मैदानात हव्यातच, नाहीतर सामना न खेळताच हरलात. आमचं इन्स्टिट्यूट मेकॅनिकलचं, तिथे बायका मोजून दोन. एक लॅबमधली टेक्निशियन, जी लहानपणापासून क्लबात खेळलेली, आणि दुसरी मी, जिने शाळेतले पीटीचे सगळे तास पोटदुखीवर काढले.

“खेळणार?” प्रोफेसरांनी विचारलं.

“हो, नक्की!” मी म्हटलं.

खरं तर त्या दिवशी मला त्यांना वेगळंच सांगायचं होतं. मला पीएचडी सोडायची होती. गिअरच्या दातांची झीज हा माझा विषय. कॉम्प्युटर एक सांगायचा, लॅबमधला टेस्ट बेंच दुसरंच दाखवायचा, आणि दोघांत खरं कोण याच्याशी मला आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. ड्युसेलडॉर्फच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, त्यांना जुलैअखेर उत्तर हवं होतं. ‘मी सोडते’ एवढंच म्हणायचं, तर तेही जमेना. वर आता फुटबॉल.

पहिला सामना आम्ही सहा गोलांनी हरलो. दुसऱ्यानंतर मी लंगडत बाहेर आले आणि पाय मुरगळल्याचं सांगितलं. नाटक शाळेत पाठ झालेलं होतं. टेक्निशियनने माझा घोटा दाबून पाहिला आणि आनंदाने म्हणाली, “मग गोलमध्ये उभी राहा! तिथे पळायला लागत नाही.”

झालं. आगीतून फुफाट्यात. तिथून पुढे दर बुधवारी संध्याकाळी माझ्या मागे जाळी आणि पुढे प्रोफेसर, कारण ते बचावाला खेळायचे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पिकलेले केस, गुडघ्याला पट्टा, आणि बॉल आला की वाघ मागे लागल्यासारखा धावायचा. मी त्यांच्या पाठीला उद्देशून मनातल्या मनात जर्मनमध्ये वाक्य घोकायची. वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत बॉल जाळीत गेलेला असायचा. ते वळून “काही हरकत नाही!” म्हणायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते ओरडले असते तर मी त्याच पावली सोडून गेले असते. चांगल्या माणसाच्या तावडीतून सुटणं फार अवघड.

सोमवारच्या मीटिंगमध्ये ते विचारायचे, “पुढे काय?” मी म्हणायची, “पुढच्या महिन्यात रिझल्ट येतील.” ते लिहून घ्यायचे. रविवारी फोनवर आई म्हणायची, “आमच्या डॉक्टरीणबाई कशा आहेत?” तिने भिशीत कधीच जाहीर करून टाकलं होतं.

शेवटचा सामना जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाला. चार-शून्य. लीगमध्ये आम्ही तळाला. सगळे बीअरकडे गेले आणि प्रोफेसर बॉल गोळा करायला लागले. मी पोत्याचं तोंड उघडं धरून उभी होते. तीन बॉल आत गेले, चौथ्याला मी म्हटलं, “मला पीएचडी करायची नाही. मी सोडते.”

ते बॉल हातात धरून थांबले. “नक्की?”

“नक्की.”

“वाईट वाटतं,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं, चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, “बरं. सोमवारी कागदपत्रांचं बघू.” आणि चौथा बॉल पोत्यात टाकला.

मी पोतं धरून तशीच उभी. मला वाटलं, आता म्हणतील, अगं, चार वर्षं दिलीस, सहा महिने आणखी दे. निदान एकदा. त्यांनी पाचवा बॉल टाकला, पोत्याची दोरी ओढली आणि म्हणाले, “गोलकीपर मात्र शोधावा लागेल.” केकचा ट्रे पुढे गेला होता. अख्खा सीझन मी ज्या दाराला धडका मारत होते, त्याला कडीच नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला भयंकर राग आला.

रविवारी आईला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, एवढं केलंस, थोडक्यासाठी कशाला टाकतेस?”

“नको, आई.”

“सरांकडून मुदत तरी मागून घे. चांगले आहेत म्हणतेस ना?”

“नको.”

“बरं, नुसतं लिहून तरी काढ. एवढंसं तर राहिलंय.” पोळी वाढतानाचा आवाज, अगदी तोच. माझे डोळे भरून आले. बुधवारपासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, आणि आता त्यालाही नाही म्हणायचं होतं.

“नको गं आई. खरंच नको.”

पलीकडे तिने नाक ओढलेलं ऐकू आलं. भिशीतल्या बायकांना काय सांगायचं, हे ती जुळवत असणार.

“बरं,” ती म्हणाली. “नको तर नको.”