सरांच्या हातातली लेन्स

माझं काम बायकांच्या खोलीतलं आहे. लग्नाच्या हॉलवर वरच्या मजल्याला एक खोली असते. तिथे नवरी तयार होते, हिरवा चुडा भरला जातो, मावश्या-आत्या दार लोटून साड्या बदलतात. त्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला कोणी उभं करत नाही. सुरुवातीला मी एका लग्नवाल्या फोटोग्राफरच्या हाताखाली होते आणि तो मला त्याचा कॅमेरा देऊन वर पाठवायचा. पुढे बायका थेट मलाच फोन करायला लागल्या. हळद, मेंदी, डोहाळजेवण, बारसं. मी स्वतःचा कॅमेरा घेतला आणि त्याच्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सवर काम सुरू केलं.

या खोल्यांमध्ये उजेड म्हणून नसतो. एक ट्यूबलाइट आणि आरशावरचा पिवळा बल्ब. फ्लॅश मारला की हळद पांढरी पडते आणि नवरी डोळे मिटून घेते. म्हणून मला कमी उजेडात चालणारी लेन्स हवी होती. कोणती, तेही पक्कं ठाऊक होतं. त्या फोटोग्राफरकडे तीच होती आणि मी ती पुष्कळ लग्नांत वापरली होती. तिने काढलेले फोटो बघून बायका म्हणायच्या, अगं, मी अशी दिसते?

पैसे साठले तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, शनिवारी अंधेरीला जाते, स्टेशनजवळच्या गल्लीत कॅमेऱ्याचं मोठं दुकान आहे. तो म्हणाला, "एवढी महागाची वस्तू. मी येतो ना सोबत." तो मुलुंडला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. कॅमेऱ्यातलं त्याला काही कळत नाही आणि कळत नाही हे तो तेव्हा हसत सांगायचा. मला बरं वाटलं. आम्ही विक्रोळीहून घाटकोपरला आलो, मेट्रोने अंधेरीला उतरलो, रस्त्यात उसाचा रस प्यायलो. त्या दिवसातली चांगली गोष्ट म्हणजे तो रस.

दुकानात काउंटरमागे मालक स्वतः होता. मी त्याला लेन्स सांगितली, माझा कॅमेरा कोणता ते सांगितलं, काम कुठे करते ते सांगितलं. तो माझ्याकडे बघून सगळं ऐकत होता, मान डोलवत होता. मग त्याने खोक्यातून लेन्स काढली आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

"बघा सर. एकदम झकास पीस. मॅडमना गिफ्ट देताय?"

"नाही, नाही. ती फोटो काढते. लग्नांचे."

"अच्छा, हॉबी."

"हो, म्हणजे..." नवरा म्हणाला आणि हसला.

मी हात पुढे केला तेव्हा मालकाने लेन्स मला घेऊ दिली, पण स्वतःचा तळवा खाली धरून ठेवला. तान्हं मूल कोणा अनोळखी माणसाने उचललं की आई धरते तसा. मी कॅमेऱ्याला लावून बघत होते तेवढ्यात एक माणूस फ्लॅश घेऊन आला. इथूनच घेतला होता, पेटत नव्हता. मालकाने तो हातातसुद्धा घेतला नाही. "आमच्याकडून गेला तेव्हा चालू होता ना? मग आता कंपनीला विचारायचं," म्हणाला. त्या माणसाने थोडी हुज्जत घातली आणि निघून गेला. मालक परत आमच्याकडे वळला. आमच्याकडे म्हणजे नवऱ्याकडे.

"सर, खरं सांगू? ही घेऊच नका. ही झूमवाली घ्या. मॅडमना पुढे-मागे व्हायला नको, जागेवरून सगळं येतं. वर बॅग आणि ट्रायपॉड माझ्याकडून."

नवऱ्याने ती हातात घेतली. गोल रिंग फिरवून बघितली. मग माझ्याकडे वळून मला समजावून सांगायला लागला. "हिच्यात झूम आहे, बघ. एकात सगळं होतंय."

"मला झूम नकोय रे. ही अंधारात चालत नाही. फोटो हलतात."

मालक त्याला म्हणाला, "सर, हल्ली इंटरनेटवर वाचून लेडीज लोकांचं कन्फ्यूजन होतं."

आणि माझा नवरा हसला. मघाशी हसला होता तसा अवघडून नाही, दोन पुरुष हसतात तसा. "घेऊन टाकू हीच," तो म्हणाला, "भाऊ रोज हेच करतात, त्यांना कळतं."

मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं? लेन्स कॅमेऱ्याला कुठून लागते ते तरी माहितीये?"

दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. मी दोन्ही लेन्स काउंटरवर ठेवल्या आणि बाहेर पडले. मेट्रोत तो माझ्यासमोर उभा होता. साकीनाक्याला म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"त्याने माझी काढली ते?"

"तो दुकानदार आहे, तो काहीही बोलेल. तू मला बोललीस."

घरी येऊन मी आईला फोन केला. आई मूळची मालवणची, या शहरात आयुष्य काढूनही तिची बोली सुटलेली नाही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पैसे तुझे, काम तुझा. मगे त्येका वांगडा न्हेलंस कित्याक?" त्याला बरोबर नेलंस कशाला, एवढंच तिला विचारायचं होतं.

लेन्स मी मोबाइलवरून मागवली. तीच, मला हवी ती. तिथे कोणी मला 'गिफ्ट आहे का' असं विचारलं नाही. माझं नाव, माझा पत्ता, माझे पैसे, बस. बटण दाबताना मला चांगलाच माज आला होता, हे मान्य आहे. त्या मालकाच्या नाकावर टिच्चून घेतली असं वाटलं.

पार्सल आलं त्या दिवशी मी वाकोल्याला एका हळदीला गेले होते. नवऱ्याला सुट्टी होती. मी सांगून ठेवलं होतं की खोकं घे आणि ठेवून दे, मी आल्यावर उघडू. महागाची वस्तू उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा असतो, म्हणजे आत काही गडबड निघाली तर पुरावा राहतो. तेही सांगितलं होतं. दुपारी मी जेवायला बसले आणि फोन उघडला तर त्याचं स्टेटस दिसलं. तळहातावर लेन्स ठेवून काढलेला फोटो आणि खाली लिहिलेलं, 'आमच्याकडे नवीन पाहुणी'. त्याच्या ऑफिसातल्या मित्रांचे त्यावर अंगठेही आले होते म्हणे.

घरी आल्यावर मी म्हटलं, उघडलीस कशाला? तो म्हणाला, "तुला सरप्राइज. साफ करून ठेवली तुझ्यासाठी." खरंच मऊ फडक्यावर ठेवली होती. मला आजही वाटतं की तो ते प्रेमाने बोलला. त्यामुळे पुढचं जास्तच लागलं.

मी मोबाइलची बॅटरी लावून काचेतून बघितलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पसरल्या होत्या. बुरशी. मुंबईच्या दमट हवेत लेन्स वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली की असं होतं. नवीन लेन्समध्ये बुरशी असूच शकत नाही. लेन्सच्या बुडाला कोरलेला नंबर बघितला, खोक्यावरचा बघितला. दोन्ही वेगळे. कोणीतरी नवीन लेन्स काढून घेऊन स्वतःची जुनी आत घालून खोकं परत पाठवलं होतं आणि तेच कोणी न बघता मला आलं होतं.

तक्रार केली. चॅटवर दर वेळी नवीन माणूस यायचा, दर वेळी आधी क्षमा मागायचा आणि मग पहिल्यापासून सगळं विचारायचा. शेवटी परत न्यायला माणूस पाठवला. त्याने आमच्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीवर खोकं ठेवून नंबर जुळवले. "मॅडम, मॅच नाही होत. मी हे नेलं तर माझ्यावर येईल." मी म्हटलं, अहो, तेच तर माझं म्हणणं आहे. तो म्हणाला, ते ऑफिसला सांगा, आणि गाडी वळवून गेला. मग मेसेज आला की खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ नसेल तर ज्याने खोकं उघडलं त्याचं सहीनिशी पत्र पाठवा, त्यावर विचार करू.

मी नवऱ्यासमोर कागद ठेवला. "दोन ओळी लिही. खोकं मी उघडलं, तेव्हा आत हीच लेन्स होती."

"माझं नाव कशाला मध्ये?"

"तू उघडलंस म्हणून."

"उद्या त्यांनी उलटी केस केली तर? चोर म्हटलं तर? माझी नोकरी हिशेबाची आहे, यार."

"आणि मला आत्ता काय म्हणतायत ते?"

"ऑर्डर तुझी आहे ना? सगळं तूच ठरवलंस. आता तूच बघ."

मी त्याचा स्टेटसवरचा फोटो मागून घेतला. निदान नंबर तरी दिसेल, म्हणजे पहिल्या दिवसापासून हीच लेन्स होती हे कळेल. मोठा करून बघितला तर नंबरावर त्याचा अंगठा. तक्रार बंद झाली. त्यांनी मेसेज करून तसं कळवलं आणि खाली विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

मग मी त्या अंधेरीच्या दुकानात गेले. दुसरीकडेही गेले असते, पण उपनगरांत लेन्स उघडून साफ करणारे फार नाहीत आणि तो मालक ते काम पुढे पाठवायचा. मालकाने मला लगेच ओळखलं. लेन्स उजेडात धरली आणि त्याचा चेहरा खुलला. अक्षरशः खुलला.

"ऑनलाइन ना? हेच होतं. आमच्याकडून घेतली असती तर उभ्या उभ्या बदलून दिली असती."

मला तो फ्लॅशवाला माणूस आठवला. ते ओठांवर आलंही होतं, पण लेन्स त्याच्या हातात होती आणि काम माझं अडलं होतं. मी साफ करायला किती दिवस लागतील ते विचारलं. त्याने ती आठवडाभर ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा म्हणाला, जेवढं निघालं तेवढं निघालं, काचेवरचा थर खाल्लाय बुरशीने.

त्याच लेन्सवर मी जुहूच्या कोळीवाड्यात एक लग्न केलं. नवरीची आई घरातलं होतं नव्हतं ते सगळं सोनं अंगावर घालून खिडकीशी उभी राहिली, मला म्हणाली, माझा एक एकटीचा काढ. मी काढला. खिडकीचा उजेड काचेवर पडला आणि फोटोभर धुरकट पडदा आला. घरी कॉम्प्युटरवर जेवढा घालवता येईल तेवढा घालवला, पण सोनं राखेसारखं दिसत होतं. ती माउली भांडली नाही. धाकट्या मुलीच्या हळदीला मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं. ते फोटो मी इन्स्टाग्रामवर बघितले. चांगले होते.

शेवटी फोटोग्राफर लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला हवी तीच लेन्स विकायला आलेली दिसली. वापरलेली, बोरिवलीतली. दिलेल्या नंबरवर पुरुषाचा आवाज होता. मी एकटीच गेले. दार त्यानेच उघडलं, सोफ्यावर बसवलं, लेन्स समोर ठेवली.

"कमी वापरलीये. एकदम नवी आहे."

"तुम्ही कशाचे फोटो काढता?" मी विचारलं.

"मी नाही हो. मिसेसची आहे. आता बाळ झालंय, तिला लागणार नाही."

"मग त्यांना बोलवा ना. मला त्यांनाच विचारायचंय."

"विचारा ना, मी सांगतो."

"तुम्हाला कसं माहीत असेल? वापरत होत्या त्या."

त्याला ते आवडलं नाही, पण त्याने हाक मारली. आतून माझ्याच वयाची बाई आली, खांद्यावर मूल. तिने मुलाला नवऱ्याकडे दिलं, लेन्स उचलली आणि न बघता एका हाताने माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली. मग म्हणाली, "फोकसची रिंग जरा घट्ट आहे, पावसाळ्यात जास्तच होते. एकदा पडली होती, इथे कडेला बघ, पण काचेला काही नाही. मी लग्नं केली हिच्यावर. बायकांच्या खोलीतली."

"मी पण तेच करते."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली. तिचा नवरा मागून म्हणाला, "पडली होती हे कशाला सांगतेस?" तिने ती कड मला उजेडात धरून दाखवली. मी गॅलरीत जाऊन, परत आत येऊन, पडदे ओढून फोटो काढून बघितले. लेन्स खणखणीत होती. पैसे मी तिच्या हातात दिले. तिने ते मोजले नाहीत, त्याच्याकडे दिले आणि मूल परत घेतलं.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "तुला कधी जोडीला कोणी लागलं तर सांग ना. मी येईन. दोन-तीन तासांचं असलं तरी."

मी तिचा नंबर मागितला. तिने सांगितला तो तोच होता, ग्रुपवरचा, नवऱ्याने उचलला होता तो.

लग्नसराई सुरू झाली आणि घाटकोपरची एक मोठी हळद माझ्याकडे आली. एकटीच्याने होणारी नव्हती. मी त्या नंबरवर फोन केला. तिच्या नवऱ्यानेच उचलला. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, त्यांना द्या म्हटलं.

"अहो, ती नाही करत आता ते," तो म्हणाला. "लेन्स ठीक चालतीये ना पण?"