पॉलिएस्टरकाका

ऐन ऑगस्टात, मिसिसिपीच्या उन्हात, तीन तुकड्यांचा पॉलिएस्टरचा सूट घालून आणि वर टोपी चढवून हसतमुखानं हिंडणारा दुसरा माणूस मला कोणी दाखवला, तर माझी डॉक्टरकीची पदवी त्याच्या हातात ठेवून मी मोकळा होईन. तिथला उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन नव्हे. हवेत इतका ओलावा, की सकाळी अंघोळ करून दाराबाहेर पाऊल टाकलं की दुसरी अंघोळ सुरू. आम्ही सगळे पातळ सदऱ्यात हाशहुश करत असायचो, आणि हे गृहस्थ रस्त्यानं येताना लांबूनच ओळखू यायचे. एक दिवस मोरपंखी, एक दिवस शेंदरी, रविवारी पिवळाधमक. सूट इतका चकचकीत, की समोरून येणाऱ्या गाडीवाल्यानं डोळ्यांवर हात धरावा. वय साठीच्या पुढे, धंदा गिटार वाजवण्याचा. ब्लूज म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय लोकांचं जे गाणं आहे, त्यात त्यांचं मोठं नाव होतं. तरुणपणी गाव सोडून शिकागोला गेले, तिथे नाव झालं, आणि म्हातारपणी परत त्याच गावात येऊन राहिले. आमच्या घरात मात्र त्यांना त्यांच्या नावानं कधीच कोणी ओळखलं नाही. माझ्या बायकोनं, शैलानं, पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं, पॉलिएस्टरकाका.

आमची ओळख घामोळ्यांमुळे झाली. ऐंशीच्या दशकात अमेरिकन डॉक्टर ज्या गावांना नाक मुरडायचे, तिथे आम्हा देशी डॉक्टरांना मोठ्या आग्रहानं बोलावलं जायचं. मी सर्जन, पण तिथल्या छोट्या हॉस्पिटलात सर्जननं फक्त ऑपरेशनं करावीत असं कोणाच्या मनातही येत नसे. काका आले, सूट उतरवला, आणि पाहतो तर मानेपासून कमरेपर्यंत नुसती घामोळ्यांची रास. मी म्हणालो, "सुती कपडे घाला, आपोआप बरं वाटेल." माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना विष घ्यायला सांगत होतो.

"डॉक, पावडर द्या, गोळी द्या, हवं तर सुई टोचा. पण त्या वस्तूचं नाव काढू नका."

"कुठल्या वस्तूचं?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. हॉस्पिटलच्या पार्किंगच्या कडेपासून जिथवर नजर जाईल तिथवर कापूस उभा होता.

कापूस अंगाला लागू द्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. आणि व्रत म्हणजे आमच्यासारखं नव्हे, की उपास धरायचा आणि साबुदाण्यानं पोट फुटेस्तोवर भरायचं. गंजिफ्रॉक नायलॉनचा, मोजे नायलॉनचे, पलंगावर सॅटिनची चादर, तीही इतकी गुळगुळीत की आपण झोपेत दोनदा खाली पडलो, असं ते स्वतःच कौतुकानं सांगायचे. टॉवेल कापसाचा, म्हणून टॉवेल वापरायचा नाही. अंघोळीनंतर पंख्यापुढे उभं राहून वाळायचं. कोणाच्या घरी जेवायला गेले, की टेबलावरचा रुमाल दोन बोटांनी उचलून शेजाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचे. गिटार पुसायला मात्र खरं रेशीम. "ती माझ्यापेक्षा नाजूक आहे," म्हणायचे.

या प्रकरणी मला वाद घालणं भागच होतं, कारण मी यवतमाळचा. माझे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. सरकीच्या ढिगांवर आमचं बालपण गेलं. या गावात पहिल्यांदा आलो तेव्हा सुगी सरत आली होती, आणि ट्रेलरमधून उडालेला कापूस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवतावर अडकला होता. मला आमच्या गावचा जिनिंगचा रस्ता आठवला आणि गाडी बाजूला घेऊन मी चक्क रडलो. शैला म्हणाली, "अहो, गाडी सुरू करा, लोक बघतायत." असा मी, आणि माझ्यासमोर हा माणूस कापसाला शिव्या घालणार! एकदा मी रस्त्याच्या कडेचं एक छान फुटलेलं बोंड खिशात घालून त्यांच्याकडे नेलं आणि तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, बघा तरी, काय सुंदर दिसतंय. काका खुर्चीसकट मागे सरकले.

"डॉक, तुमच्या वडलांनी कधी कापूस वेचला?"

"नाही. ते जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे."

"तरीच तुम्हाला तो सुंदर दिसतो," ते म्हणाले, आणि लगेच मला लिंबाचं सरबत आणून दिलं, म्हणजे राग नको. त्यानंतर मी त्या विषयाच्या नावानं कानाला खडा लावला.

त्यांचं नाव ऐकून लांबलांबून माणसं यायची. युरोपातून दाढीवाली तरुण मंडळी टेप रेकॉर्डर घेऊन उतरायची आणि त्यांना काका जसे मनात होते तसे हवे असायचे: फाटका डगला, अनवाणी पाय, मागे शेत. एकदा एक फोटोग्राफर रेकॉर्डच्या वेष्टनासाठी फोटो काढायला आला, तोच मुळी शेतमजुराची जुनी डंगरी बरोबर घेऊन. काकांनी ती लांबूनच निरखली, डंगरीचं तोंडभरून कौतुक केलं, आणि म्हणाले, "तुमच्या अंगावर कशी दिसते ते पाहू." बिचारा भिडस्त होता. त्यानं ती घातली. मग काकांनी त्याला शेताच्या मधोमध उभं केलं, "डोळ्यात थोडं दुःख येऊ दे" वगैरे सूचना दिल्या, आणि त्याच्याच कॅमेऱ्यानं त्याचे भरपूर फोटो काढले. रेकॉर्ड निघाली तेव्हा वेष्टनावर फक्त गिटार होती.

वाजवण्याचीही तऱ्हाच. "वाजवा" म्हटलं की हा माणूस वाजवत नसे. शनिवारी सकाळी ते न्हाव्याच्या दुकानात गिटार घेऊन बसायचे आणि तारा जुळवायला सुरुवात करायचे. तारा जुळवता जुळवता गप्पा, गप्पांत कोणाची तरी थट्टा, मग पुन्हा तारा. दाढी करायला आलेला माणूस दाढी होऊन, पैसे देऊन, निघायच्या बेतात असायचा, आणि नेमकं तेव्हा गाणं सुरू व्हायचं. मग तो पुन्हा बसायचा. मला त्या गाण्यातलं सुरुवातीला काही कळत नसे. सगळीच गाणी बायको सोडून गेल्याची वाटायची. मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "डॉक, बायको गेली म्हणून गाणं नसतं. ती गेल्यावर सकाळी उठून स्वतःची कॉफी करून घेतली, त्याचं गाणं असतं." त्यानंतर मात्र मी ते गाणं नीट ऐकायला लागलो, आणि आवडायलाही लागलं.

अशी सगळी मजा चाललेली असताना एका सोमवारी सकाळी काका हॉस्पिटलात आले ते डावा हात छातीशी धरून. बरोबर विनोद नाही, टोपी नाही. डाव्या हाताची अनामिका, करंगळीशेजारचं बोट, वांग्यासारखं सुजून चमकत होतं. नवीन तार चढवताना तिचं टोक बोटात घुसलं होतं, आणि त्यावर त्यांनी टर्पेंटाइन आणि साखरेचा घरगुती लेप लावून ठेवला होता. पू आत, बोट वळवणाऱ्या कंडरेच्या आवरणापर्यंत गेला होता. त्या दिवशीच बोट उघडून साफ केलं नाही, तर ते कायमचं ताठ होणार, कदाचित कापावंही लागणार. गिटारवाल्याची डाव्या हाताची अनामिका! मी हे सांगितलं तेव्हा काकांनी बोट उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "करा. लगेच करा." मी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तेवढ्यात नर्सनं हॉस्पिटलचा गाऊन आणून पलंगावर ठेवला.

सुती गाऊन.

"हा नाही," काका म्हणाले.

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. सूट घालून टेबलावर येऊ देणं शक्य नव्हतं. त्या बाह्यांतून दंड बधिर करायला सुई कुठून घालणार? शेवटी मी म्हणालो, "काका, बोट जाईल." तोंडातून 'काका'च निघालं. त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण आवाज कळला असावा.

"मी गाव सोडलं तेव्हा माझी आई शेतात होती," ते म्हणाले. "अंगात कापसाचा झगा, खांद्याला कापसाची पिशवी, पिशवीत कापूस. मी तिला म्हणालो, आई, आता माझ्या अंगाला हा लागणार नाही आणि तुझ्याही लागू देणार नाही. शिकागोहून तिला निळा चकचकीत ड्रेस पाठवला. तिनं तो फक्त चर्चला जायला ठेवला होता. तिला पुरलं ते त्याच ड्रेसमध्ये. तिच्या बाजूनं तिनं शब्द पाळला, डॉक. आता मी एका बोटासाठी मोडू?"

मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा फार रागही आला. जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो. शैलाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले आणि बॅगांच्या खोलीत गेली. परत आली ती हातात पोपटी रंगाची, त्यावर बशीएवढाल्या केशरी फुलांची नायलॉनची साडी घेऊन. त्या काळी अमेरिकेला निघालेल्या प्रत्येक नवरीला दोन-चार नायलॉनच्या साड्या मिळायच्याच. मशीनमध्ये धुता येतात, इस्त्री लागत नाही.

"अगं, ही आत्याबाईंनी दिलेली ना?"

"हो ना! टाकवत नव्हती आणि नेसवतही नव्हती. सुटले एकदाची," असं म्हणून तिनं कात्री चालवली. "माप सांगा. आणि बंद पाठीमागे हवेत की पुढे?"

दुपारी काकांनी तो गाऊन घातला आणि आरशापुढे उभे राहून एक गिरकी घेतली. वेदनेनं घामाघूम झालेला माणूस, पण म्हणाला, "मिस शैलाला सांगा, मला असाच एक सूट हवा." अडथळा आला तो थिएटरच्या दाराशी. आमची हेडनर्स त्याच गावातली, काकांच्याच चर्चमधली, धिप्पाड बाई. तिच्यापुढे मी शिंकायचो तेही परवानगी घेऊन. ती दारात आडवी उभी राहिली.

"नायलॉन? माझ्या थिएटरमध्ये? त्याची ठिणगी उडून भुलीचा गॅस पेटला म्हणजे?"

"गॅस देणारच नाहीये, सिस्टर. फक्त हात बधिर करतोय."

तिनं काकांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "साठी उलटली तरी तुझं नाटक संपत नाही," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

ऑपरेशन नीट झालं. टेबलावरच्या हिरव्या चादरी कशाच्या होत्या हे काकांनी विचारलं नाही, आणि आम्हीही ब्र काढला नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पण शेवटी बँडेज बांधायची वेळ आली, आणि त्यांनी डोळे उघडले. "डॉक, ही पट्टी कशाची?" माझा हात थांबला. बोट साफ झालं होतं, पू निघाला होता, आणि आता उघड्या जखमेनिशी हा माणूस उठून चालू लागणार असं मला स्पष्ट दिसू लागलं. तेवढ्यात हेडनर्स बाहेर गेली. कोठीतून धूळ झटकत एक खोका घेऊन आली आणि काकांच्या डोळ्यांपुढे धरला. "वाच. रेयॉन. कापूस नाही यात. तुझी आई आणि माझी आई एकाच ओळीत वेचायच्या, मला शिकवू नकोस."

काकांनी वाचलं आणि हात पुढे केला. आता, जिनिंगवाल्याचा मुलगा म्हणून मला हे माहीत होतं, की सरकीला चिकटून राहिलेली बारीक लव काढतात आणि तिच्यापासूनही रेयॉन बनतं. पण ज्ञान दरवेळी पाजळायचंच असं नाही. मी खाली मान घालून अगदी मन लावून ती पट्टी बांधली.

पुढचे दिवस कठीण गेले. टाके निघाले, सूज उतरली, पण बोट पूर्ण वळेना. मी व्यायाम दाखवला. काका हो म्हणाले आणि दिसेनासे झाले. न्हाव्याच्या दुकानात शनिवार सुना जाऊ लागला. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तारा जुळवतोय." त्यांच्या घरावरून जाताना मी गाडी हळू करायचो. आत नुसती शांतता. सर्जनचं आयुष्य असं असतं, की हात आपण चालवतो आणि निकाल दुसऱ्याच्या घरात लागतो. शैला रोज विचारायची, आणि मी रोज विषय बदलायचो.

मग एका रविवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून गिटार ऐकू आली. मी गाडी थांबवली. एकच ओळ, परत परत. एका ठराविक जागेवर यायची आणि अडखळायची. अडखळली की काकांची एक सणसणीत शिवी, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो. किती वेळा ती ओळ घसरली ते देवाला ठाऊक. आणि मग एकदा ती त्या जागेवर आली, वळली, आणि अगदी सहज पलीकडे निघून गेली. आतून शिवी आली नाही. मी गाडीत एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो. मनावरचा एवढा भार एकदम उतरला, की गाडी सुरू करायचं भान राहिलं नाही.

मुलीच्या शाळेपायी पुढे आम्ही ते गाव सोडलं आणि मिशिगनमध्ये, नोव्हाय नावाच्या गावी आलो. इथे कापूस दुकानातच दिसतो. काका गेल्याचं हेडनर्सनं फोनवर सांगितलं. पुरताना कुठला सूट घातला होता, हे मी विचारलं आणि तिनं ते तपशीलवार सांगितलं. त्यांची शेवटची रेकॉर्ड माझ्याकडे आहे, ऑपरेशननंतर दोन वर्षांनी काढलेली. आमच्याकडे येणारे जाणकार लोक ती ऐकतात आणि डोळे मिटून म्हणतात, काय ते दुःख, काय तो आवाज. असेल. मला त्यातलं अजूनही फारसं कळत नाही. मी फक्त वाट बघत बसतो, अनामिकेची जागा येईपर्यंत. ती येते, बोट वळतं, सूर लागतो, आणि मी दर वेळी तितकाच सुटकेचा निःश्वास सोडतो.