अर्धी ओळ म्हणणारी पोरं

संगीताच्या शिक्षणात पीएच.डी. करतेय असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे गाण्यात डॉक्टर?" आणि दुसरा, "या वयात?" पहिल्याचं उत्तर मी देते. दुसऱ्याचं उत्तर माझ्या केसांकडे बघून मिळतं, तरी विचारतातच.

वर्ध्याच्या एका शाळेत मी गेली बावीस वर्षं संगीत शिकवते. शाळेत संगीताच्या बाईंची किंमत पंधरा ऑगस्ट आणि स्नेहसंमेलनाला. बाकी दिवस माझ्या तासाला गणिताच्या सरांचा राहिलेला धडा पुरा होतो. या रागापोटीच मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, हे कबूल करते. नावामागे डॉक्टर लागलं की निदान तास तरी कोणी मागणार नाही, असा माझा हिशेब. विषयाचं नाव इतकं लांबलचक झालं की नवरा म्हणाला, "हे वाचून होईपर्यंत डिग्री मिळून जाईल." थोडक्यात सांगायचं तर जिल्ह्यातल्या लहान शाळांमधल्या पोरांना सूर कितपत ओळखता येतो आणि तो त्यांना कोणत्या पद्धतीने शिकवला जातो, हे मला तपासायचं होतं.

माझ्या मार्गदर्शक बाई नागपूरच्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बजावलं, "तुम्ही छान गाता, पण प्रबंधात गाऊ नका. मोजा." मग मी मोजायला निघाले. तीन शाळा निवडल्या. आर्वीची एक, तिथे शिकलेले संगीतशिक्षक होते. कारंजा घाडगेची एक, महामार्गाला लागून, तिथे संगीत म्हणजे सकाळची स्पीकरवरची प्रार्थना आणि दिवसभर ट्रकचे हॉर्न. तिसरी पवनारजवळची. तिथे दर शनिवारी एक तास गावातलीच एक मावशी पोरांना भजनं शिकवायची.

मावशीचं शिक्षण चौथीपर्यंत. धाम नदीच्या काठाला दोन एकर वावर, त्यात वांगी, मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. सकाळी भाजी वर्ध्याच्या बाजारात पोचवायची आणि शनिवारी तशाच मातीच्या पायांनी शाळेत यायचं. खंजेरी तिच्या हातात आली की पोरं मांडी घालून गप्प बसायची. मला बावीस वर्षांत ते साधलेलं नाही.

तिथले हेडमास्तर भले माणूस. त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, वरून विचारणा होते. बाहेरची बाई वर्गात कशी काय म्हणून. तुमचा एखादा कागद असला, की पोरांना फायदा होतो म्हणून, तर मला तोंड देता येईल. नाही तर हा तास मला बंद करावा लागेल." मी छाती पुढे काढून म्हटलं, कागद देते. मावशीचा तास माझ्या कागदावर टिकणार होता, आणि मला त्याचं ओझं वाटायच्या ऐवजी चक्क कौतुक वाटलं होतं.

चाचणी अगदी सोपी ठेवली होती. मी एक ओळ गाणार, पोराने ती तशीच परत म्हणायची. ओळ मीच बांधली होती: "सकाळी सकाळी चला वावरात". पोषण आहाराच्या खिचडीचा वास येत असलेल्या खोलीत मी पेटी घेऊन बसले आणि एकेकाला आत बोलावलं.

पहिली आली ती दोन वेण्यांची, तिसरीतली पोरगी. मी ओळ गायले. माझं "वावरात" पुरतं संपलंही नव्हतं तोच तिने खणखणीत आवाजात "चला वावरात" म्हणून टाकलं, तेही शेवटचा सूर माझ्याहून वर नेऊन.

"पूर्ण म्हण बाळा," मी म्हटलं आणि पुन्हा गायले.

तिने पुन्हा "चला वावरात" म्हटलं, या वेळी आणखी जोरात. मला वाटलं, घाई आहे पोरीला, खिचडी खुणावते आहे. पण दुसरा आला, तिसरी आली, सगळ्यांचं तेच. माझ्या ओळीची शेपटी धरायची आणि वर ओढायची. माझं डोकं फिरलं. मी प्रत्येकासमोर लिहीत गेले, "उत्तर अपूर्ण. शेवटचा स्वर चुकला." कारंज्याच्या पोरांनी हीच ओळ बेसूर, पण पुरती म्हटली होती. माझ्या तक्त्यात ती पोरं पुढे गेली. ज्या शाळेत कोणीच गात नाही ती दुसरी आणि जिथे मावशी दर शनिवारी गाते ती शेवटची.

असा तक्ता समोर आला की शहाण्या माणसाने आधी स्वतःच्या फूटपट्टीकडे बघावं. मी मावशीकडे बघितलं. वाटलं, माया आहे, उत्साह आहे, पण पद्धत नाही बिचारीला. हा "बिचारी" शब्द मी माझ्या वहीत खरोखर लिहिला होता. तो अजून तिथे आहे.

हेडमास्तरांनी तक्ता वाचून कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "सहा महिन्यांनी तुमची दुसरी चाचणी आहे ना? तोवर थांबतो. तेव्हाही असंच निघालं तर माझा नाइलाज."

सहा महिन्यांनी मी गेले, तीच ओळ, तीच खोली. दोन वेण्यांची पोरगी आता चौथीत. मी गायले. ती थांबली. मी संपवेपर्यंत हाताची घडी घालून थांबली आणि मग "सकाळी सकाळी चला वावरात", पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, सूर जिथल्या तिथे. एकामागून एक सगळी पोरं तशीच. मला उठून नाचावंसं वाटलं. नागपूरला फोन केला तर मार्गदर्शक बाईही खूश. म्हणाल्या, "एवढा फरक म्हणजे प्रबंध झालाच समजा."

मी वर्ध्याहून गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा घेतला आणि पवनारची बस धरली. मावशी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सांभाराच्या जुड्या बांधत होती. पुडा तिच्या हातात ठेवत मी म्हटलं, "मावशी, सगळी पोरं पास! काय जादू केली?"

"जादू कायची आली त्यात?" ती म्हणाली. "हेडमास्तरनं तुमचा कागद वाचून दाखोला. पोट्टे अर्धीच ओळ म्हंतेत, असं लिवलं होतं ना तुमी? मंग म्या त्यायले पुरी म्हनाले लावली. सहा महिने तेच करून राह्यलो आमी."

"पण आधी अर्धी काऊन म्हणत होते?"

तिने जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नवलाने बघितलं. "झील नाई का धरत होते?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भजनात पुढचा माणूस ओळ गातो आणि मागचे झील धरतात, म्हणजे त्याची ओळ संपायच्या आत शेवटचे शब्द उचलायचे आणि वर चढवायचे, की त्याला दम घ्यायला जागा मिळते आणि भजन कुठे तुटत नाही. पूर्ण ओळ पुन्हा म्हणणं ही तिथे चूक. ज्याला झील कळत नाही तो ओळ पूर्ण म्हणतो, आणि लोक त्याला मागे बसवतात. ती पोरं माझ्या गाण्याला साथ देत होती. माझी ओळ एकटी पडू नये म्हणून झेलत होती. शेवटचा सूर वर नेत होती तो नेमका, अचूक, दरवेळी तोच. आणि मी बसले होते गुण कापत.

यातलं सगळ्यात लाजिरवाणं हे, की मला ते माहीत होतं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आठव्या वर्षापर्यंत मी स्वतः भजनात मागे बसून झील धरलेली आहे. नंतर वर्ध्याला आले, क्लास लावला, परीक्षा दिल्या. क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी अशीच गुरुजींच्या ओळीची शेपटी उचलली आणि टपली खाल्ली. त्या टपलीबरोबर सगळं विसरले.

"मग आता झील?" मी विचारलं.

"आता नाई धरत. बंद केली. कागदात चूक लिवली होती ना." ती पुन्हा जुड्या बांधू लागली. "माह्या मायनं मले तशीच शिकवली होती. मले वाटलं, मायचंच चुकलं असन. ते बी कुठं शिकली होती?"

मी म्हटलं, "मावशी, तुमच्या मायचं चुकलं नव्हतं. तुमचंही नाही. चूक माझी होती." हे बोलताना मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

तिने हातातली जुडी बांधून पुरी केली. मला वाटलं, आता सुनावेल. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने शांतपणे विचारलं, "तं आता पोट्ट्यायले म्या काय सांगू? सहा महिने हात धरधरून सांगतलं म्या त्यायले, का झील चूक हाय म्हून."

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला जाऊन मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "तुम्ही बोलला नसता तर कुणालाही कळलं नसतं," म्हणाल्या.  मग त्यांनीच कोरा कागद पुढे ओढला. "मुदतवाढीचा अर्ज मी लिहिते. तुम्ही ते प्रकरण नव्याने लिहा. चाचणी घेणाऱ्याची चूक असं शीर्षक द्या, लाजू नका." एवढ्या तरुण बाईने मला असं सावरून घ्यावं, या विचाराने मला आजही भरून येतं.

हेडमास्तरांकडे नवा कागद घेऊन गेले. त्यांनी जुना आणि नवा दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. "तास चालू राहील मॅडम, काळजी करू नका," म्हणाले. "पण दोन्ही कागदांवर सही एकाच बाईची आहे. मी कोणता खरा मानायचा?" मी म्हटलं, "मावशीला विचारा." ते हसले, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

त्या शनिवारी मी मावशीबरोबर वर्गात उभी राहिले आणि पोरांना सांगितलं, "मागे मी तुमचे गुण कापले ना, ते मी चुकले होते. तुमची झील बरोबर होती." पोरं खदाखदा हसली. मॅडम चुकल्या याचा त्यांना केवढा आनंद! मग मावशीने खंजेरी वाजवून ओळ सुरू केली. ओळ संपली. झील आलीच नाही. वर्ग शिस्तीत थांबला, आणि मग सगळ्यांनी मिळून पहिल्या शब्दापासून पूर्ण ओळ म्हटली.

"अर्धीच म्हना रे," मावशी म्हणाली. "आधीसारखी."

दोन वेण्यांची उभी राहिली. "पन मावशी, मॅडम मार्क कापतीन."

"नाई कापत," मावशी म्हणाली. "त्यायनं सांगतलं ना आत्ताच?"

पोरगी बसली, पण तिला पटलेलं दिसलं नाही.

मला डिग्री मिळाली, ठरल्याहून दीड वर्ष उशिरा. माझ्या शाळेतले गणिताचे सर आता "डॉक्टरीणबाई, तुमचा तास घेऊ का?" असं विचारतात आणि घेतात. मावशीचा तास चालू आहे. झीलही हळूहळू परतली. आधी दोघं-चौघं, मग अर्धा वर्ग, आता जवळजवळ सगळे. नवी आलेली पहिलीतली पोरं तर बिनधास्त धरतात, त्यांनी माझा कागद पाहिलेलाच नाही.

पण मी वर्गात असले की मोठी पोरं अजूनही अडतात. मावशीची ओळ संपत येते, त्यांची तोंडं उघडतात, आणि झील धरायच्या आधी ती क्षणभर माझ्याकडे बघतात. तेवढ्यात ओळ तुटते. म्हणून आता शनिवारी मी आत जात नाही. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी, भिंतीच्या आड उभी राहते. तिथून झील न अडता ऐकू येते.