कामाशिवाय चालणाऱ्या बायका

चौथीच्या वर्गावर भागाकार शिकवत असताना माझ्या हातातला खडू पडला आणि तो उचलायला वाकले ती मी उठलेच नाही. शुद्धीवर आले तेव्हा मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या बाकावर होते आणि शाळेतल्या शिपाईमावशी तोंडावर पाणी मारत होत्या. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई, नाशिकच्या एका शाळेत शिक्षिका.

डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि साखर निघाली. रक्तदाबही वाढलेला. गोळ्या लिहून दिल्यावर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, गोळ्या मी देतो, पण चालावं तुम्हालाच लागेल. रोज तासभर, भरभर. घरात स्वयंपाक करताना चालता, ते धरायचं नाही."

साखर काय करते ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझे वडील एका लाकडाच्या वखारीवर रखवालदार होते. बारा-बारा तास स्टुलावर बसलेले असायचे. चपलेच्या खिळ्यानं अंगठ्याला ओरखडा आला, तो चिघळला. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. शेवटची दोन वर्षं आम्ही भावंडं त्यांना सकाळी उचलून ओट्यावर आणायचो आणि ऊन वर आलं की उचलून आत न्यायचो. दवाखान्यातून घरी येताना मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. मी चालणार. रोज चालणार.

ठरवणं सोपं होतं. आमची वसाहत मुंबई नाक्याच्या पुढं, तेव्हाच्या गावाच्या टोकाला. बहुतेक घरं आमच्यासारखीच, बौद्ध. कुणी कारकून, कुणी शिक्षक, बरेचसे कारखान्यात पाळीवर जाणारे. सगळे सगळ्यांना ओळखायचे. बाईमाणूस रस्त्यानं चाललं की त्याला कारण लागायचं. दळण, रॉकेल, दूध, दवाखाना, लग्न, मयत. यांतलं काहीच नसताना एखादी बाई भरभर चाललीय, म्हटल्यावर घरात भांडण झालंय असंच लोक समजायचे. पहिल्या दिवशी मला तिघींनी थांबवून विचारलं, "काय झालं बाई? सगळं बरं आहे ना?"

म्हणून मी दुधाची किटली घेतली. दूध आमच्या कोपऱ्यावरच मिळायचं. पण मी ते तिथून न घेता दीड मैल लांबच्या केंद्रावरून आणायला लागले. किटली हातात असली की कुणी थांबवत नसे.

आमच्या सासूबाईंना मात्र ते पटत नव्हतं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. वणीजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला होता. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "आम्ही मातीची पाटी डोक्यावर घेऊन चाललो. सरपणाची मोळी घेऊन चाललो. पोटासाठी चाललो. तू पोट उतरवायला चालतीस. लय नवल हाय बाई तुमचं."

त्यांचं खोटं नव्हतं. पण माझंही खोटं नव्हतं.

तीन आठवडे नीट गेले. वाटेवर एक चहाची टपरी होती. पहाटे तिथं पाळीवर जाणारे चार-पाच जण उभे असत. एके दिवशी त्यांतला एकजण मला ऐकू येईल असं म्हणाला, "या बाईंना जवळचं दूध पचत नाही वाटतं." दुसरा म्हणाला, "दुधासाठी कोण एवढ्या लांब जातं? दुसरंच काहीतरी असणार." सगळे हसले. टपरीवालाही हसला.

मी दूध न घेताच परत फिरले. ह्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "का गं, साखर पळाली काय?"

तेव्हा मला रडू आलं आणि मी सगळं सांगितलं. वडिलांच्या पायाचंही सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून ते मी त्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मला जाग आली तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हातात काठी.

"ऊठ. आन् ती किटली ठेव घरात."

"आत्याबाई, तुम्ही कशाला?"

"माझ्या पायाला काय झालंय?"

टपरीजवळ आलो तशी मी मागं रेंगाळले. आत्याबाई सरळ त्या माणसांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"माझी सून कुठं जाती, असं तुम्हाला इचारायचं होतं ना? मी सांगते. तिला साखरेचा आजार हाय. तिचा बाप त्याच आजारानं पाय कापून मेला. म्हणून ती चालायला जाती. उद्याबी जाईल, परवाबी जाईल. आनखी काय इचारायचं आसंल तर मला इचारा. मी रोज हाय तिच्या संगती."

टपरीवाल्यानं स्टोव्हला उगाच दोन-चार पंप मारले. मग म्हणाला, "आजी, चहा घ्या."

"येताना घेईन," आत्याबाई म्हणाल्या. "बिनसाखरेचा."

पुढं गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले. माझा आजार आता दुपारपर्यंत सगळ्या वसाहतीला कळणार होता. त्या काळी आजार लपवायची गोष्ट होती, बाईचा तर जास्तच. आत्याबाई म्हणाल्या, "कळू दे की. चोरी केली का तू?"

कळलंच सगळ्यांना. आणि दोनच दिवसांनी मागच्या गल्लीतली एक बाई संध्याकाळी वह्या मागायचं निमित्त करून आली. पडवीत उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "बाई, मलापण आहे ते. वर्ष झालं. घरात कुणाला सांगितलं नाही." मी म्हणाले, "सकाळी साडेपाचला या." ती आली. पुढच्या आठवड्यात तिची जाऊ आली. आणि एके सकाळी टपरीवाला आम्हाला थांबवून अवघडून म्हणाला, "बाई, आमच्या हिचे पाय सुजतात. दिवसभर उभी असते, पण चालणं असं होत नाही. नेता का तिला?" ती पदर सावरत टपरीमागून बाहेर आली, तयारच होऊन उभी होती.

पावसाळ्यापर्यंत आम्ही नऊजणी झालो. पाऊस जोरात असला की आमच्या शाळेच्या लांब व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. मुख्याध्यापिकांची मी तशी परवानगी काढली होती. एकीचा नवरा तक्रार घेऊन घरी आला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ठीक आहे. आमच्या घरी सकाळचा चहा उशिरा होतो." मी म्हणाले, "तासाभरात त्यांना परत आणून सोडते. तोवर तुम्ही आधण ठेवलंत तर उशीर होणार नाही." तो निघून गेला. बाई दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. आधण कोण ठेवतं ते आम्ही विचारलं नाही.

एकदा चपलेचा पट्टा लागून माझ्या पायाला फोड आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "चालणं थांबवू नका, चपला थांबवा." मेन रोडवरच्या दुकानात बायकांच्या मापाचे चालायचे बूट नव्हतेच. दुकानदारानं मुलांचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट काढून दिले. साडीखाली ते घालून मी शाळेत गेले तेव्हा वर्ग खुदूखुदू हसायला लागला. मी म्हणाले, "हसा. बाईंची पण आता पीटी असते." महिन्याभरात आमच्यातल्या पाचजणींच्या पायात तसेच बूट आले.

सगळ्याच टिकल्या असं नाही. एकीचे गुडघे इतके दुखायचे की तिनं सोडून दिलं. एकीला सुनेच्या बाळंतपणानंतर सवड झाली नाही. पण माझी साखर सहा महिन्यांत उतरली, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मागच्या गल्लीतल्या बाईनं शेवटी नवऱ्याला आपला आजार सांगितला. त्यानं काय केलं, तर तोही चालायला लागला. मात्र बायकांच्या घोळक्यात कसं यायचं, म्हणून आमच्यामागं वीस पावलं अंतर ठेवून. वर्षभर तो तसाच वीस पावलं मागं चालला.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही त्रिरश्मी लेण्यांना चालत जायचं ठरवलं. गावात त्यांना पांडवलेणी म्हणतात. दरवर्षी बसनं जायचो. ऐन वैशाख, म्हणून ऊन व्हायच्या आत पोचायचं असं ठरवून पहाटे निघालो. आग्रा रोडच्या कडेच्या मातीतून एकामागं एक. शेजारून ट्रक गेला की पदर तोंडावर धरायचो. आत्याबाई सगळ्यांत पुढं, त्यांच्या चालीनं सगळ्या.

पायऱ्यांवर मात्र मागच्या गल्लीतल्या बाईला दम लागला. अर्ध्यावर बसून ती म्हणाली, "मी इथूनच हात जोडते. तुम्ही जाऊन या."

आत्याबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि तिच्याजवळ बसल्या. "बस. दम खा. लेणी काय पळून जात न्हाईत. तू उठशील तवा आपण जाऊ." आम्ही सगळ्या तिथंच पायऱ्यांवर बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी ती उठली. वर पोचलो, वंदना घेतली. खाली शहर पसरलेलं होतं. आपली वसाहत कुठं असेल याचा अंदाज करत आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. एवढं अंतर आपल्याच पायांनी आलो यावर आमचा विश्वास बसत नव्हता.

परत मात्र बसनं आलो. कंडक्टर म्हणाला, "पायऱ्या चढून दमलात वाटतं मावशी?" टपरीवाल्याची बायको म्हणाली, "घरून चालत आलोय, दादा." बसमधल्या लोकांनी वळून आमच्या बुटांकडे बघितलं.

त्यानंतर आत्याबाई पाच-सहा वर्षं चालल्या. शेवटी शेवटी टपरीपर्यंतच यायच्या आणि आम्ही परत येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायच्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात त्या गेल्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला अंगणात कुजबुज ऐकू आली. दार उघडलं तर सगळ्याजणी उभ्या. कुणी हाक मारली नव्हती, कुणी चला म्हणत नव्हतं. मी म्हणाले, "आज नको." त्या हलल्या नाहीत. ह्यांनी आतून सांगितलं, "जाऊन ये. मुलांच्या डब्यांचं मी बघतो."

मी गेले. वाटेत टपरीवाल्याची बायको तिच्या मुलीच्या दहावीचं सांगायला लागली. मुलीला पुढं नर्सिंगला जायचंय, घरातले नको म्हणतात, काय करावं? प्रत्येकीनं काहीतरी सुचवलं. ते बोलता बोलता नेहमीचं परत फिरायचं वळण कधी मागं पडलं ते कळलंच नाही.

शाळेत पोचायला मला दहा मिनिटं उशीर झाला. हजेरीपटावर सही करताना मुख्याध्यापिकांनी विचारलं, "बरं आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. "आज थोडं लांब गेलो होतो."