फोनवरून दिलेला निरोप

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आले, देवापाशी दिवा लावला आणि लिहायला बसले.

लेक मला इथे आखातातच, शहरातल्या सिलिकॉन ओएसिस भागात एका छोट्या नाटकाला घेऊन गेली होती. एक खोली, तीसेक खुर्च्या आणि समोर वसईची एकटी मुलगी. तिचे वडील गेले तेव्हा तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून अंत्यविधी तिने व्हिडिओ कॉलवर पाहिला. "भावाने फोन असा धरला, की मला पूर्ण वेळ चर्चचा पंखाच दिसला. शेवटी मी पंख्यालाच म्हटलं, डॅडी, सांभाळून जा."

सगळे हसले. मी नाही. गेलेल्या माणसावरून हसणं मला पाप वाटायचं.

मग तिने विचारलं, "इथे अजून कोणी असा निरोप दिलाय?"

माझा हात कसा वर गेला, कळलंच नाही. माझी आई गेल्या वर्षी गेली. मी म्हटलं, "मला मामांचा अंगठा दिसला. अर्धा तास मी त्या अंगठ्यालाच हात जोडून बसले होते."

लोक हसले, मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा.

लेकीने हात धरला. "मम्मा, यू नेव्हर टोल्ड मी." खरंच, घरात मी आईचा विषयच काढत नव्हते.

परतताना आमचं अल नहदा येईपर्यंत ती आजीबद्दल विचारत राहिली. आजी आरतीचं चुकीचं कडवं किती ठासून म्हणायची, तेही सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी फोनवरूनच निरोप दिलाय का? मुलांना सांगितलंत?