रोज जवळ बाळगायची वाकडी सुरी

पन्नाशी उलटली की पुरुषाला काहीतरी व्हावंच लागतं. आमच्या ओळखीत एकाला मॅरेथॉन झाली, एकाला अध्यात्म झालं, एकाने भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कढीपत्त्याची बाग लावली. मला सुरी झाली. तीही साधी नाही, करंबिट. वाघनखासारखं वाकडं पातं, मुठीच्या टोकाला बोट अडकवायची कडी, आणि मिटली की तळहातात मावणारी. मूळची ती इंडोनेशियातल्या शेतकऱ्यांची. आता ती इंटरनेटवरच्या अशा शूरवीरांची झाली आहे, ज्यांनी आयुष्यात खोक्यावरच्या चिकटपट्टीपलीकडे कोणावर वार केलेला नाही.

या मंडळींच्या भाषेत रोज जवळ बाळगायच्या वस्तूंना ‘एव्हरीडे कॅरी’ म्हणतात. टेबलावर सुरी, टॉर्च, पेन आणि घड्याळ ओळीने मांडायचं, वरून फोटो काढायचा आणि खाली लिहायचं की मी तयार आहे. कशासाठी तयार, ते कोणी लिहीत नाही. माझे वडील रत्नागिरीकडे बागेत जाताना कमरेच्या आकडीला कोयती अडकवून जात. उभ्या जन्मात त्यांनी तिचा फोटो काढला नाही. बागेतून आले की ती दाराच्या मागे टांगायचे आणि जेवायला बसायचे.

आता खरं कारण सांगतो. घरात मी ‘छंद’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मला नीट कळेनाशी झाली होती. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. मुंग्यांनीसुद्धा माझा नाद सोडला. हातातली वस्तू हातात आहे की सुटली, हे खाली आवाज झाल्यावर समजायचं. मी कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, म्हणजे माझं पोट याच बोटांवर. तिथे उंचीवर काम करताना प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला बांधायचा नियम आहे. त्यामुळे माझ्या हातून पाना सुटला तरी तो लोंबकळत राहायचा, आणि मी सेफ्टीचे नियम पाळणारा आदर्श कामगार ठरायचो. पण दिवाळीनंतर कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी होती. तिथे हात नापास झाला की नोकरी जाणार, नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना जाणार, आणि मग मी रत्नागिरीत, बायको इथल्या हॉस्पिटलात, मुलगी इथेच बारावीत, अशी आमची वाटणी होणार. म्हणून मी तो विचार सोडून सुऱ्या बघायला लागलो.

घरात दोरी बांधायचा नियम नव्हता. कलिंगड कापताना सुरी सुटली आणि पायाचा अंगठा जेमतेम वाचला, तेव्हा मला कडीचा साक्षात्कार झाला. कडीत बोट असलं की सुरी पडायची सोयच नाही. बोट बधिर असलं तर असू दे, कडीला कुठे कळतंय! माणसाला हाताचा त्रास झाला तर तो डॉक्टर शोधतो. मी पात्याचं स्टील शोधत होतो. अख्खा उन्हाळा त्यातच गेला.

माझा अभ्यास दांडगा झाला. पातं अडीच इंचांच्या वर नको, खिशात टोचतं. उघडल्यावर पात्याला मागून अडवणारी पट्टी घट्ट हवी, नाहीतर जोर लावला की सुरी आपल्याच बोटांवर मिटते. वाकड्या पात्याला सपाट दगडावर धार निघत नाही, गोल कांडी लागते. आणि एक गोष्ट, जी ते शूरवीर शेवटपर्यंत सांगत नाहीत: या सुरीने टोमॅटो कापता येत नाही. बाकामुळे पातं पाटावर टेकतच नाही. दोरखंड, पट्टे, खोकी ओढून कापायला उत्तम; कोशिंबिरीच्या बाबतीत शून्य. दोरखंड आमच्या घरी रोज कापला जात नाही.

राई नावाच्या भागात गॅरेजं आणि फर्निचरच्या शोरूमच्या मधे एक दुकान आहे. वाळवंटात तंबू ठोकणाऱ्यांचं आणि मासेमारीला जाणाऱ्यांचं सामान तिथे मिळतं. बायकोला मी ‘जाता जाता बघू’ म्हणून तिथे नेलं. राई आमच्या कुठल्याच वाटेवर नाही. बायको सरकारी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या मुठी उघडते आणि मिटवते. तिच्यासमोर उजवा हात खिशात ठेवायची मी सवयच लावून घेतली होती. मुलगी म्हणायची, बाबा हल्ली फार स्टायलिश उभे राहतात.

दुकानदार हैदराबादचा. त्याने विचारलं, “किस काम कू होना साब?”

“बस, रोज का काम,” मी म्हणालो.

त्याने एक सुरी झटक्यात उघडली. “ये लेव. फुल टॅक्टिकल. सेल्फ डिफेन्स.”

बायकोने मला आपादमस्तक न्याहाळलं. “अहो, लिफ्टमध्ये लोक तुमच्या पायावर पाय देतात आणि सॉरी तुम्ही म्हणता.”

“तसं नाही गं, पार्सल वगैरे उघडायला.”

“आणि रस्त्यात पोलिसाने खिसा तपासला तर? कोथिंबीर निवडायला निघालो होतो म्हणून सांगणार?” मग तिने सुरी हातात घेऊन उलटसुलट बघितली. “वाकडी, धारदार, मिटणारी. ही आपल्याकडे आहे की. सासूबाईंनी दिलेली फोल्डिंग विळी. तिला नारळ खवायची सोयसुद्धा आहे, हिला कुठाय?”

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण गिऱ्हाईक हातचं चाललंय एवढं त्याला कळलं. त्याने घाईघाईने आणखी सुऱ्या काढल्या. एकीची कडी फार मोठी, एकीची पट्टी ढिली, एकीवर कवटीचं चित्र. शेवटी एक काळी, साधी, लहान सुरी आली. मी तर्जनी कडीत घातली. हात उलटा केला, झटकला, पुन्हा झटकला. सुरी पडली नाही. कितीतरी महिन्यांनी माझ्या उजव्या हातातून एक वस्तू पडली नव्हती. टॅक्टिकल सुरी बघून गहिवरलेलं गिऱ्हाईक त्या दुकानाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. बायको मात्र सुरीकडे बघत नव्हती. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मी लगबगीने पैसे देऊन टाकले.

मग सुरू झालं माझं एव्हरीडे कॅरी. रिफायनरीच्या गेटमधून सुरी नेणं अशक्य. रस्त्यावर न्यायला गृहखात्याची बंदी. उरला तो मार्ग कपाटातून हॉल आणि हॉलमधून स्वयंपाकघर. तेवढ्या टापूत मी अत्यंत सज्ज असायचो. तांदळाच्या पिशवीची शिवण, खजुराचं खोकं, खुबूस रोटीच्या पाकिटाला मारलेली गाठ, सगळं मी वाघनखाने फाडायचो. “बाबा, व्हिलन दिसताय,” मुलगी म्हणाली, “अ व्हेरी टायर्ड व्हिलन.”

खंडेनवमीला पाटावर सगळी हत्यारं बसली. विळी, बायकोची गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी, मुलीचा लॅपटॉप, माझा मल्टीमीटर. करंबिटला हळदकुंकू लागलं आणि कडीत झेंडूचं फूल आलं. इंडोनेशियाच्या शेतकऱ्याने हा सन्मान स्वप्नात पाहिला नसेल. आमच्या घरची रीत अशी की, पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. म्हणजे त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, आणि मला कडी नाही. दुपारी पाणी पिताना माझ्या हातून फुलपात्र सुटलं. फरशीवर चांगलं खणखणत गेलं. बायकोने फडकं आणून पाणी पुसलं.

कुवेतमध्ये दसरा शुक्रवारी येतो. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी कामं सुरू. पंचांगात तो कधीही असो, मराठी मंडळाचा दसरा सुट्टीच्या दिवशी, भाड्याच्या हॉलमध्ये, सकाळी पूजा आणि नंतर श्रीखंड-पुरी. तिथे नारळ वाढवायचा मान माझा असतो. कर्तृत्वाने नव्हे, वयाने. माझ्याहून मोठे सगळे एकेक करून परत गेले. या वेळी एखाद्या तरुणाला पुढे करता आलं असतं. पण मान सोडायचा तर कारण द्यावं लागतं, आणि मंडळात कारण दिलं की ते श्रीखंडाच्या आधी सगळ्या टेबलांवर पोचतं. शिवाय निम्मं मंडळ रिफायनरीतच नोकरीला आहे.

कार्पेट खराब होऊ नये म्हणून परातीत दगड ठेवला होता. आरती झाली. मी नारळ उजव्या हातात घेतला, डोक्यापर्यंत उचलला आणि गणपतीचं नाव घेऊन पूर्ण ताकदीनिशी खाली आणला. नारळ वाटेतच निघून गेला होता. मला ते कळलंच नाही. रिकामा हात दगडावर आदळला. नारळाला कडी नसते, हे उन्हाळाभरच्या अभ्यासात निसटलंच होतं. तो घरंगळत पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या प्रायोजकांच्या, बुटापाशी जाऊन थांबला.

“नारळाने यंदा स्वतःच प्रायोजक शोधला!” सेक्रेटरी माइकवर म्हणाले. हॉल खदखदून हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मग कोणीतरी तरुणाने तोच नारळ एका फटक्यात वाढवला आणि टाळ्या पडल्या. बोटांच्या सोलवटलेल्या सांध्यांवर रुमाल बांधून मी श्रीखंड खायला बसलो. चमचा डाव्या हातात धरला.

बाहेर भर दुपारचं ऊन. पार्किंगमध्ये बायकोने गाडीची किल्ली मागितली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. गाडी सुरू केली, एसी लावला, पण निघाली नाही.

“नारळाला तेल लागलं होतं गं,” मी म्हणालो.

“हो का?” ती समोर बघत म्हणाली. “घरातल्या बरण्यांची झाकणं मी सैल करून ठेवते. ती तुमच्या ताकदीने उघडतात असं वाटत होतं का तुम्हाला?”

तसंच वाटत होतं. ती रागावली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती.

“उंचीवर चढता तुम्ही,” ती म्हणाली.

“हत्यारांना दोरी असते.”

“पान्याला दोरी असते. शिडी कुठल्या हाताने धरता?”

शेवटी जे अख्खा उन्हाळा गिळून बसलो होतो, ते बाहेर पडलं. “तपासणीत नापास झालो तर मला परत पाठवतील. तू इथे, पोर इथे. मला एकट्याने तिथे नाही राहायचं गं. भीती वाटते मला.”

तिने डोळे पुसले. मग हॉस्पिटलात बोलते त्या आवाजात म्हणाली, “हात मांडीवर उताणा ठेवा. डोळे मिटा. मी एकेका बोटाला हात लावते. कुठलं ते सांगायचं.”

मी डोळे मिटले. एसीचा आवाज येत होता. मी सगळं लक्ष त्या बोटांमध्ये नेलं. थोड्या वेळाने मला स्पष्ट जाणवलं, हलका, ओळखीचा स्पर्श. एवढी काही वाईट अवस्था नाही तर.

“मधलं,” मी ठासून सांगितलं.

मी शाबासकीची वाट बघितली.

“मधलंच ना?”

“अहो,” ती म्हणाली, “मी अजून हातच लावलेला नाही.”

डोळे उघडायचा धीर मला झाला नाही. तसाच बसून म्हणालो, “रविवारी येतो तुझ्याबरोबर हॉस्पिटलात.”