पोथीसारखा बांधलेला ई-रीडर

बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. नेकनूरला परत येताना एसटीत वडील एवढंच म्हणाले, "ह्या श्रावणात पोथी माझी मीच वाचनार बघ."

मी हट्टाला पेटलो. ई-रीडरवर अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. माझा जुना होताच. जाड, बोजड, बाजूला बटणं. मोटारसायकलवरून दोनदा पडला, धुळीत लोळला, तरी मेला ठणठणीत. बाजारातला नवा मात्र पातळ, बोट लावलं की चालणारा, पाण्यात पडला तरी न बिघडणारा. आठवडाभर मी दोघांची तुलना करत बसलो. पाणी, धूळ, बॅटरी सगळं पाहिलं आणि मोठ्या शहाणपणानं वडिलांसाठी नवा घेतला. जुना स्वतःकडे ठेवला. खरं सांगायचं तर नवाच दणकट, अशी माझी पक्की खात्री होती.

वडिलांनी त्याचा मान पोथीसारखा राखला. वाचून झालं की कपाळाला लावायचे, लाल फडक्यात गुंडाळायचे, वरखाली लाकडी फळ्या आणि दोरीनं करकचून बांधायचे. घरची कागदी पोथी अशीच तीन पिढ्या टिकली होती. मला उलट कौतुक वाटायचं. आत नाजूक काच असते, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

श्रावणात रोज सकाळी त्यांचा आवाज ऐकू यायचा. एके दिवशी तीच ओवी चार वेळा आली. जाऊन बघतो तर अर्धा पडदा काळा, उरलेल्यावर नुसत्या रेघा.

"आबा, हे कवापासून असं हाय?"

"लई दिस झाले. मला वाटलं, डोळेच गेले. डाक्टर म्हनलाच व्हता. तुला कशाला घोर? पाठ हाय तेवढं म्हनत बसलो."

इतके दिवस हा माणूस एकटाच ते सोसत होता. मला स्वतःचा संताप आला, आणि त्याच वेळी आनंदही झाला. यंत्रच फुटलं होतं ना! धावत जाऊन माझा जुना आणला, पोथी उघडली, अक्षरं सगळ्यात मोठी केली आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, दाराच्या उजेडाकडे वळवला.

"ह्याचीबी काच फुटलीय का रं?"

त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"हो आबा," मी म्हणालो.